आधी मजुरी, मग साडी

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून एका भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचे पती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, घरची नऊ एकर कोरडवाहू शेती सालगडी आणि मजुरांच्या आधाराने होते, आणि त्या स्वतः मंडळीच्या महिला संघाचे काम पाहतात. नाताळच्या आठवड्यात संघाने परिसरातील विधवा आणि वृद्ध स्त्रियांना साड्या वाटल्या. चर्चच्या आवारात मांडव घातला, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, एकेकीचे नाव पुकारून साडी देण्यात आली आणि प्रत्येकीचे छायाचित्र काढण्यात आले. त्यात या भगिनींच्याच वावरात कापूस वेचणाऱ्या एक वृद्ध शेजारीण होत्या. त्या ख्रिस्ती नाहीत. त्यांनी साडी हातात घेतली, परत टेबलावर ठेवली आणि सर्वांसमोर म्हटले, "लुगडं राहू द्या मास्तरीनबाई, माह्ये वेचाईचे पैसे द्या पह्यले." त्यांची तीन आठवड्यांची मजुरी थकली होती, कारण कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, हाती आलेला नव्हता. भगिनी विचारतात की त्यांची सेवा देवाला नामंजूर झाली असे समजावे काय, असे वाटप आता बंद करावे काय, हे सारे धर्मांतरासाठी चालले आहे असे गावात कुजबुजणाऱ्यांना काय उत्तर द्यावे, आणि ज्या कार्यक्रमासाठी आपण महिनाभर राबलो त्यात सत्कार दुसऱ्याच बाईंचा झाला ही सल मनातून जात नसेल तर नम्रता शिकावी तरी कशी.

ताई, सलाम.

देवाला काय मंजूर आणि काय नामंजूर हे ठरवण्याचा अधिकार या सदराला नाही. परंतु मावशी मांडवात जे बोलल्या ते पवित्र शास्त्रात एकाहून अधिक ठिकाणी, आणि त्यांच्याहून कडक शब्दांत, लिहिलेले आहे. लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात मजुराचे वेतन सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये अशी आज्ञा आहे. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात तीच आज्ञा अधिक खुलासेवार येते: मजूर आपल्या भाऊबंदांपैकी असो की आपल्या वेशीच्या आत राहणारा परका असो, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी चुकती करावी, कारण तो गरीब असतो आणि त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला असतो. याकोबाच्या पत्राचा ५ वा अध्याय तर थेट जमीनमालकांशीच बोलतो. ज्यांनी तुमची शेते कापली त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ते ओरडणे प्रभूच्या कानांपर्यंत पोहोचले आहे, असे तो सांगतो. तुमच्या मांडवात तीच मजुरी बोलली.

चुकारा उशिरा येतो, त्याला तुम्ही तरी काय करणार, असे तुम्ही लिहिले आहे. या अडचणीला खोटे कोण म्हणेल? वेचणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला की कापसात ओलावा राहतो, ओलाव्याच्या नावाने भाव पडतो, आणि विकलेल्या मालाचे पैसे कधी हाती येतील याची खात्री विदर्भातल्या कोणत्याही कोरडवाहू शेतकऱ्याला देता येत नाही. मात्र ही वाट कोणी पाहायची, हा खरा प्रश्न आहे. पीक ज्याचे, भाववाढीचा फायदा ज्याचा, जमीन ज्याच्या नावावर, त्याने ती वाट पाहावी. दिवसभर ओणवे राहून किलोवर मजुरी घेणाऱ्या, पासष्टी ओलांडलेल्या बाईने ती पाहू नये. त्यातही तुमच्या घरात दर महिन्याला पगार येतो, आणि साड्यांच्या वर्गणीत तुम्ही स्वतःचे पाच हजार रुपये घातले असे पत्रातच नमूद आहे. म्हणजे ज्या दिवसांत मावशींना द्यायला पैसे नव्हते, त्याच दिवसांत मावशींना साडी द्यायला पैसे होते. हे वाक्य तुम्हाला बोचेल याची मला कल्पना आहे, पण मावशींच्या नजरेतून पाहिले तर तो व्यवहार असाच दिसतो, आणि त्यांची नजर चुकीची आहे असे मला म्हणता येत नाही.

तुमचा हेतू वाईट होता असे मी मुळीच म्हणत नाही. चांगल्या माणसांच्या हातून हीच चूक सहज होते, कारण दान देताना जे समाधान मिळते ते देणे फेडताना मिळत नाही. मजुरी चुकती केली म्हणून कोणी टाळ्या वाजवत नाही. प्रभू येशूने परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपंथीयांना, ज्या गोष्टीवरून फटकारले तीही याच जातीची होती: आईवडिलांच्या पोषणासाठी असलेला पैसा देवाला वाहिला आहे असे जाहीर करायचे आणि मग म्हाताऱ्यांना हात हलवत परत पाठवायचे. मार्काच्या ७ व्या अध्यायात तो प्रसंग आहे. त्याच शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणारी गरीब विधवा भेटते आणि तिच्यावर आपल्या मंडळ्यांत दरवर्षी भरभरून उपदेश होतात. पण तिच्या अगदी आधीच्या वचनांत येशू विधवांची घरे गिळून वर लांबलचक प्रार्थना करणाऱ्यांविषयी बोलतो, ती वचने अर्पणाच्या रविवारी सहसा वाचली जात नाहीत. वाचली पाहिजेत, असे माझे मत आहे. ती विधवा इतकी गरीब का झाली, याचे उत्तर तिथे असू शकते.

आता काय करावे? येशूच्या डोंगरावरील प्रवचनात याची रीत सांगितलेली आहे. अर्पण घेऊन वेदीजवळ गेल्यावर तेथे जर आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तसेच वेदीपुढे ठेवून आधी जाऊन त्याच्याशी समेट करावा आणि मग येऊन अर्पण करावे. येथे लक्षात घेण्यासारखे असे की, आपल्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असे येशू म्हणत नाही. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असेल तर, असे म्हणतो. तुमच्या मनात मावशींविषयी राग नाही, हे चांगलेच आहे, पण तेवढ्याने भागत नाही.

म्हणून पैसे घेऊन त्यांच्या घरी जा. सोबत पाळकसाहेब नकोत, संघातील भगिनी नकोत, आणि ती साडी तर अजिबात नको. वेचणीची वही न्या, किती किलो वेचले ते त्यांच्यासमोर वाचा, त्यांची मोजणी वेगळी निघाली आणि फरक थोडा असला तर त्यांचीच धरा. उशीर झाला, तो व्हायला नको होता, एवढे म्हणा. चुकाऱ्याची कथा सांगू नका. ती त्यांना तुमच्याआधी ठाऊक आहे. त्यांनी मांडवात बोलायला नको होते, असे तुमच्या किंवा गुरुजींच्या तोंडून चुकूनही निघू नये. घरी येऊन तीन वेळा मागितल्यावरच त्या चारचौघांत बोलल्या असतील, अशी शक्यता मला अधिक वाटते, आणि तुमच्या पत्रात तसे नाही असे कुठेही म्हटलेले नाही. साडी महिला संघाच्या शिल्लक मालात जमा करून तशी नोंद करा. पुढे कधी त्यांना काही द्यायचे झाले तर ते वेगळ्या दिवशी, वेगळ्या कारणाने होऊ द्या, नाहीतर ती समजूत काढण्याची लाच वाटेल.

वाटप बंद करावे काय, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की वाटप बंद करू नका, मांडव बंद करा. गरजू माणसाला व्यासपीठावर बोलावून, नाव पुकारून, वस्तू हातात ठेवून कॅमेऱ्याकडे पाहायला लावणे यात देणाऱ्याची सोय आहे. घेणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते, आणि खेड्यात ती वर्षभर मोजावी लागते, कारण तो फोटो मोबाइलवरून साऱ्या नातेवाइकांत फिरतो. दानधर्म करताना उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये, हे मत्तयाच्या ६ व्या अध्यायातले शब्द आपण देणाऱ्याच्या अहंकारावरचे औषध म्हणून वाचतो आणि ते तसे आहेतही, पण त्यांत घेणाऱ्याची अब्रूही राखली जाते.

पुण्याहून मदत पाठवणाऱ्या नातेवाइकांना हिशेबासाठी फोटो द्यावे लागतात, असे तुम्ही म्हणता. हिशेब द्यायलाच हवा, यात शंका नाही. प्रेषित पौलाने यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली तेव्हा एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी आपल्यावर दोष ठेवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेण्याची व्यवस्था केली. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात त्याने ते स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा दुकानाचे बिल, साड्यांची संख्या, कोणाला दिल्या त्यांची सह्या किंवा अंगठ्यांसह यादी, आणि ती तपासायला संघाबाहेरची एखादी व्यक्ती, एवढे पुरेसे आहे. पैशांचा हिशेब उघडा असावा आणि माणसांचे चेहरे झाकलेले असावेत. आपल्याकडे बहुतेक वेळा याच्या उलट चालते.

याहून चांगली एक रीत आहे, आणि ती तुमच्या वावरातच उपलब्ध आहे. लेवीयच्या त्याच १९ व्या अध्यायात शेताचे कोपरे पार कापून घेऊ नयेत, खाली पडलेला सरवा वेचून घेऊ नये, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावा, असे सांगितले आहे. रूथ ही परदेशी विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचायला जाते, तेव्हा बवाज आपल्या गड्यांना सांगतो की तिला बोलू नका, उलट पेंढ्यांतली काही कणसे मुद्दाम ओढून खाली पडू द्या. ही उदारता मला साऱ्या शास्त्रात फार उंच दर्जाची वाटते. रूथला कोणी धान्य वाढले नाही, तिने ते स्वतःच्या कष्टाने वेचले, संध्याकाळी स्वतःच्या हाताने झोडपले आणि मान ताठ ठेवून सासूकडे नेले. बवाजाने फक्त कणसे जरा सैल हाताने पडू दिली.

आपल्या भागात तुरीचा आणि हरभऱ्याचा सरवा वेचायला म्हाताऱ्या बायका पूर्वीपासून येत आल्या आहेत. सोयाबीन यंत्राने काढले जाऊ लागल्यापासून आणि काढणी होताच वावर नांगरायची घाई वाढल्यापासून हे कमी झाले आहे. कापसाची फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही तेच पीक पुढे राखणे, ठेवू नये असे कृषी विभाग गुलाबी बोंडअळीमुळे सांगतो आणि ते योग्यच आहे, तेव्हा कापसाचा विषय सोडा. पण हरभरा निघाल्यावर चार दिवस नांगर थांबवता येतो, बांधालगतची दोन तासे सोडता येतात, आणि सालगड्याला सांगून ठेवता येते की वेचायला येणाऱ्या कोणालाही हाकलू नको. यासाठी मांडव लागत नाही, वर्गणी लागत नाही, आणि कोणी कोणाचे उपकार मानायची गरज पडत नाही.

धर्मांतराच्या कुजबुजीविषयी. ती ऐकून चिडू नका. तुमच्या कार्यक्रमात साडी आणि प्रार्थना एकाच टेबलावरून दिल्या गेल्या, तेव्हा पाहणाऱ्याने दोन्हींचा संबंध जोडला तर त्यात त्याचा फार दोष नाही. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले, त्यांतला एकच आभार मानायला परत आला आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांतला, होता, पण बाकीच्या नऊ जणांचे बरे होणे काढून घेतले गेले नाही. मदतीसोबत पत्रिका देऊ नका, मदतीआधी प्रार्थनेला बसवू नका, यादी करताना ख्रिस्ती आणि बिगर ख्रिस्ती असा रकाना ठेवू नका. गावातल्या आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या बाईंना विचारून यादी केलीत तर गरज कोणाला आहे हे अधिक नेमके कळेल. कोणी स्वतःहून विचारले की तुम्ही हे का करता, तर संकोच न करता आपल्या प्रभूचे नाव सांगा. येशूचा शिष्य पेत्रही आपल्या पहिल्या पत्रात विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा असेच सांगतो, आणि ते उत्तर सौम्यतेने द्या असेही जोडतो.

शिवाय सेवा ही आपली मक्तेदारी आहे असा सूर कोठेही लागू देऊ नका. या मातीत गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली आणि भाकरी खायची ती काम करून खाल्ली. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीजवळ कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभे केले. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केले. मावशी ज्या विदर्भात वाढल्या तो हा विदर्भ आहे. काम न करता मिळालेल्या साडीपेक्षा काम करून मिळवलेला पैसा त्यांना मोठा वाटला, यात नवल करण्यासारखे काही नाही.

आता सत्काराविषयी. तुमच्या पत्राची जवळजवळ दोन पाने या एका गोष्टीने भरलेली आहेत आणि मजुरीविषयी अडीच ओळी आहेत. हे मी तुम्हाला हिणवण्यासाठी सांगत नाही. मनाला कोठे लागले आहे हे शाईच्या लांबीवरून कळते, एवढेच. राबणाऱ्याचे नाव कोणी घेऊ नये हा अन्याय आहेच, आणि तुमच्या कमिटीने पुढच्या वेळी तो करू नये. पण तो अन्याय आणि नम्रता यांचा तुम्ही जो संबंध लावला आहे तो मला पटत नाही. सल न वाटणे म्हणजे नम्रता, असे तुम्ही धरून चालला आहात, आणि म्हणून सल वाटताच स्वतःला दोष देत बसला आहात. मनात सल आली म्हणून काही बिघडत नाही, ती दाबून टाकण्याचा खटाटोपही सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचे हात कोणत्या कामाला लागतात, एवढे पाहा.

अमरावती जिल्ह्यात अचलपूर-परतवाड्याजवळ कोठारा येथे कुष्ठरोग्यांसाठी मिशनचे रुग्णालय आहे, ते तुम्हाला माहीत असेल. कुष्ठरोगात नसा निकामी झाल्या की पायाची संवेदना जाते. खडा रुतला, काटा मोडला, तरी कळत नाही, भेगा पडतात, त्यांत जखम होते आणि ती हाडापर्यंत जाते. यावरचा उपाय अगदी साधा आणि कंटाळवाणा आहे: पाय रोज पाण्यात भिजवायचे, जाड झालेली कातडी हळूहळू घासायची, ओलसरपणा राहील असे तेल लावायचे, आणि कोठे लालसर डाग किंवा फोड आहे का ते डोळ्यांनी तपासायचे. अशा रुग्णालयांतील परिचारिका हे वर्षानुवर्षे रुग्णांना शिकवत आणि गरज पडेल तेथे स्वतः करत आल्या आहेत. आपण पवित्र गुरुवारी बारा जणांचे स्वच्छ पाय पितळी घंगाळात धुतो तेव्हा योहानाच्या १३ व्या अध्यायाचे, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याचे, स्मरण करतो. त्या परिचारिका तो अध्याय रोज सकाळी आठ वाजता करतात, आणि रुग्ण त्यांच्यावर खेकसतो तेव्हाही करतात. सत्कार झाला नाही म्हणून पायाची जखम चिघळायची थांबत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याचे लक्ष सत्कारावर फार वेळ टिकत नाही. संघात असे एखादे नियमित, कंटाळवाणे काम तुम्ही अंगावर घ्या, असे मी सुचवीन: आठवड्यातून एकदा गावातल्या दोन अंथरुणाला खिळलेल्या माणसांना अंघोळ घालणे, किंवा मधुमेहाच्या म्हाताऱ्यांचे पाय तपासणे. वर्षातून एका कार्यक्रमापेक्षा ते मनाला अधिक सरळ ठेवते.

योहानाच्या त्याच अध्यायात पेत्र प्रथम पाय धुऊ देत नाही. त्याला धुणे जमले असते, धुऊन घेणे जड गेले. तुमच्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेले आहे, की गेल्या उन्हाळ्यात तुम्ही मावशींच्या दारात गेलात तेव्हा त्यांनी चहाचे विचारले आणि उगाच त्यांना त्रास नको म्हणून तुम्ही उठून आलात. तुमचा भाव चांगला होता, पण आपल्या खेड्यात कोणाच्या घरचे पाणी कोण पिते आणि कोण टाळते याला फार जुना आणि फार कडू अर्थ आहे, आणि नाकारलेल्या कपाचा अर्थ समोरचा माणूस आपल्या मनाने लावतो. येशूने शोमरोनी बाईकडे पाणी मागितले, लोकांना नकोसा असलेल्या जकातदार जक्कयाच्या घरी स्वतःहून मुक्काम सांगितला, आणि योहान्ना, सुसान्ना यांच्यासारख्या स्त्रिया आपल्या पैशांतून त्याची व शिष्यांची सोय पाहत होत्या असे लूक लिहितो. तो घेतही होता. मजुरीचे पैसे द्यायला जाल तेव्हा चहा पिऊन या, आणि त्यांना वड्या-कुरड्या चांगल्या करता येत असतील तर उन्हाळ्यात तुमच्या घरच्या करायला शिकवायला सांगा. त्या दिवसाची मजुरी त्याच संध्याकाळी द्या.

राहता राहिले गुरुजी. घरचा पैसा त्यांच्या हाती आहे, तेव्हा वरचे सारे एकट्या तुमच्याने होणार नाही. मजुरांचे पैसे चुकाऱ्यावर न ठेवता पगारातून बाजूला काढायचे आणि आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी चुकते करायचे, एवढा एक नियम पुढच्या हंगामासाठी दोघांनी ठरवा. गुढीपाडव्याला सालगड्याचा हिशेब होऊन पुढच्या सालाची बोली होईल, तेव्हा त्याची मागची बाकीही अशीच राहिली आहे का ते पाहून घ्या. हे उत्तर गुरुजींना वाचायला देण्याआधी वेचणीची वही त्यांच्यासमोर ठेवा आणि या हंगामात ज्यांची ज्यांची मजुरी निघते त्या सर्व बायकांची नावे उतरवून काढा; मावशी बोलल्या म्हणून कळले, बाकीच्या बहुधा बोलल्या नसतील.